हात धुवून

तिसऱ्या कथागीताच्या मध्यावर,
राजपुत्र बोटीतून उतरत होता तेव्हा,
मला शिंक आली.
उजवा हात सोडवला, नाकाशी नेला,
आणि परत दिला हानुसच्या डाव्या हातात.
एवढंच.
वर्तुळ थांबलं नाही. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे,
लाकडी जमीन ढोलासारखी बोलत राहिली.
आमच्या फेरो बेटांवर या नाचाला वाद्यं नसतात,
पावलं असतात,
आणि आमच्या गावात हानुसचा गळा.

मंगळवारी तो गळा बसला.
बुधवारी तुम्मासचा, मग शाळेतल्या दोन्ही बाईंचा,
मग फेरीबोटीवर तिकिटं फाडणाऱ्या सोल्वाचा.
वर्तुळात जो ज्याच्या शेजारी होता
त्याच क्रमाने गाव शिंकत गेलं.
मी अंथरुणात बोटांवर मोजत होते.
मोजणी दर वेळी
माझ्या उजव्या हातापाशी येऊन थांबायची.

डोकं म्हणजे पाण्यात बुडवलेली लोकर.
बाहेर फेब्रुवारी, आडवा पाऊस,
मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून उभ्या.
रुबार्बचा मुरंबा चाखला: नुसता लाल.
वाळवलेलं मांस चावलं: नुसतं चामडं.
नाक गेलं की आपलंच घर
परक्याचं वाटतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
याला औषध नाही, मालान. झोप. गरम काहीतरी पीत राहा.
आणि साबणाने हात धू, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा,
एक कडवं म्हणून होईपर्यंत.
कुठलं कडवं, मी विचारलं.
आखूड नको, म्हणाल्या, आणि त्यांनाच खोकला आला.

म्हणून मी राजपुत्रालाच धरलं.
तो वल्ही मारतो तोवर तळवे,
किनारा दिसतो तोवर नखं,
वाळूवर उतरतो तेव्हा मनगटं.
धुण्यागणिक एक कडवं.
चौथ्या दिवसापर्यंत त्याची तलवार हरवली होती
आणि माझ्या हातांची सालं निघाली होती.
इतके दिवस सर्दी हात धुवून माझ्या मागे लागली होती;
आता मी तिच्या.

रव्याचं नाही, माशाचं सूप केलं, चव न कळता मीठ घातलं,
हानुसच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मागे सरले.
माझ्यामुळे झालं, मी काचेतून म्हणाले.
त्याने कानामागे हात धरला.
माझ्यामुळे! ओरडले, आणि शिंकले,
या वेळी कोपरात.
तो हसला. आवाज आलाच नाही,
काचेवर वाफेचा एक गोल तेवढा उमटला.
सूप खारट होतं, हे त्याने नंतर सांगितलं.

नवव्या दिवशी सरपण आणायला
मांस वाळवायच्या खोपटाचं दार उघडलं
आणि वास आला.
पाहुणे ज्याला नाक दाबून पळतात तोच,
आंबूस, जुना, शेवाळी.
फळ्यांच्या फटींतून वारा शिट्टी घालत होता.
मी तिथेच, हातात दोन ओंडके धरून,
खुळ्यासारखी रडले.

पुढच्या शनिवारी दारात बादली होती,
साबणाची वडी दोरीला बांधलेली.
खिडकी वीतभर उघडी.
ज्याला अजून कणकण आहे त्याने भिंतीशी बसावं,
असं बाईंनी फळ्यावर लिहिलेलं.
हात नको, कोपरात कोपर, असंही.
ज्या कोपरात शिंकायचं तेच पुढे करायचं?
सोल्वाने विचारलं. बाईंकडे उत्तर नव्हतं.

हानुस भिंतीशी बसला होता, गळ्याला मफलर.
सुरुवात कुणी करेना.
सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.
मग माझ्याच तोंडून, खालच्या पट्टीत,
राजपुत्राने बोट पाण्यात ढकलली.

सतराव्या कडव्यात चुकले.
भिंतीपाशी हानुसचा पाय दोनदा आपटला.
मागे गेले, तलवार शोधली, पुन्हा निघाले.
तुम्मासच्या स्वेटरला ओल्या मेंढीचा वास येत होता.
मी तो छातीभर आत घेतला
आणि अठरावं धरलं.